शहिदांची यादी पुरे, आता चार खंड वाचूया

ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला की आपल्या मोबाइलवर एक यादी फिरू लागते. अशफाकउल्ला खान, मौलाना आझाद, युसूफ मेहेरअली, सोलापूरचे कुर्बान हुसेन, आझाद हिंद फौजेचे शाहनवाज खान. खाली तिरंगा आणि आम्हीही या मातीसाठी रक्त सांडले आहे, अशा अर्थाची एक ओळ. शहापूरच्या ग्रुपवरून ती मुरबाडच्या ग्रुपवर जाते, तिथून पडघा, भिवंडी, कल्याण. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी ती थांबते. मग पुढच्या ऑगस्टपर्यंत त्या नावांशी कोणाला काही देणेघेणे उरत नाही.

मी या यादीच्या विरोधात आहे. नावे खरी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती, ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून ही यादी पाठवली जाते त्याबद्दल. "पाकिस्तान तुम्ही मागितलेत, मग इथे का राहिलात?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर येतो, ऑफिसात येतो, कसारा लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेला अनोळखी माणूसही तो हसत हसत विचारतो. आणि आपण तपासणीसाने तिकीट मागावे तसे खिसे चाचपत ही नावे बाहेर काढतो. ज्याला प्रश्न विचारायचाच नव्हता, फक्त टोमणा मारायचा होता, त्याला आपण पुरावे देत बसतो.

या यादीने आपले दोन प्रकारे नुकसान केले आहे.

पहिले असे, की यादी माणसाला त्याच्या सोबत्यांपासून तोडते. कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, तेव्हा ते एकटे नव्हते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा त्याच दिवशी फासावर गेले. सोलापूरचा माणूस आजही 'चार हुतात्मे' असे एका दमात म्हणतो. आपल्या यादीत मात्र कुर्बान हुसेन एकटे येतात आणि दुसऱ्यांच्या याद्यांतून ते गळतात. चौघांनी मिळून केलेले काम आपण मागाहून जातिधर्मानुसार वाटून घेतले. ही वाटणीसुद्धा एक फाळणीच आहे आणि ती करणाऱ्यांत आपणही आहोत.

दुसरे नुकसान मोठे आहे. यादी अडचणीच्या प्रश्नाला हातच लावत नाही. १९४५-४६ च्या निवडणुकीत केंद्रीय विधिमंडळातल्या मुस्लिमांसाठी राखीव तीसही जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. हा आकडा समोरच्याला ठाऊक असतो आणि आपण त्याच्यापुढे पुन्हा अशफाकउल्ला खानांचे नाव ठेवतो. खरे उत्तर लांब आहे. तेव्हा प्रौढ मताधिकार नव्हता. मालमत्ता, कर आणि शिक्षणाच्या अटींवर मत मिळे. शेतमजूर, विणकर, कोळी, कूळ यांतल्या बहुतेकांना ते नव्हतेच. पण तरीही ज्यांना मत होते त्या मुस्लिमांपैकी फार मोठ्या संख्येने लीगला निवडले, हेही खरे आहे. त्यांनी तसे का केले? १९३७ मध्ये न जिंकलेली लीग आठ-नऊ वर्षांत इतकी कशी वाढली? एकाच घरात बाप काँग्रेसमध्ये आणि मुलगा लीगकडे, असे का झाले? याचे उत्तर फॉरवर्ड करता येत नाही. त्यासाठी बसावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की यादी बंद करा आणि एक लांबलचक कादंबरी वाचायला घ्या. एकट्याने नको, चारचौघांत वाचा. आणि त्या चारचौघांत सगळे मुस्लिम असू देऊ नका.

आम्ही सहा-सात जण कधी शहापुरात, कधी मुरबाडात बसून जी मालिका वाचत आहोत ती एका इंग्रजाची आहे. पॉल स्कॉट १९४३ मध्ये लष्करी नोकरीत भारतात आला. पुढे त्याने 'द राज क्वार्टेट' या नावाने ओळखले जाणारे चार खंड लिहिले. 'द ज्युएल इन द क्राउन' १९६६ चा, 'द डे ऑफ द स्कॉर्पियन' १९६८ चा, 'द टॉवर्स ऑफ सायलेन्स' १९७१ चा आणि 'ए डिव्हिजन ऑफ द स्पॉइल्स' १९७५ चा. मिळून दोन हजारांच्या आसपास पाने. कथा सुरू होते ऑगस्ट १९४२ मध्ये, 'चले जाव'च्या दिवसांत, आणि संपते ऑगस्ट १९४७ मध्ये. गावे काल्पनिक आहेत, पण काळ तोच आहे, ज्याबद्दल आपल्याला रोज जाब विचारला जातो.

या मालिकेत मोहम्मद अली कासिम नावाचा एक माणूस आहे. प्रांताचा माजी मुख्यमंत्री, मुस्लिम, काँग्रेसवाला. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले तेव्हा त्यानेही दिला. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीलाच, ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीत, त्याला गव्हर्नरसमोर आणले जाते. गव्हर्नर वाईट माणूस नाही. त्याला कासिमविषयी आदर आहे. तो म्हणतो ते एवढेच की काँग्रेस सोडा, तुरुंगात जायची गरज नाही. कासिम नकार देतो आणि किल्ल्यात स्थानबद्ध होतो.

हा प्रसंग आम्ही तीन वेळा वाचला. कासिमला सगळे जण एकच गोष्ट विचारतात, तू नेमका कोणाचा? इंग्रज विचारतो, लीगवाला विचारतो, काँग्रेसमधले सहकारीही मनातल्या मनात विचारतात. तो कोणालाही नावांची यादी देत नाही. तो मुद्दा मांडतो, तोही कायद्याचा आणि शब्द पाळण्याचा. पुढे त्याचा थोरला मुलगा सय्यद, ब्रिटिश हिंदी सैन्यातला अधिकारी, मलायात पकडला जातो आणि आझाद हिंद फौजेत जातो. सगळा देश त्या फौजेचा जयजयकार करत असताना हा बाप मात्र मुलाने मोडलेल्या शपथेचे काय, असे विचारतो. मुलगा बापाला सांगू पाहतो की तुमच्या काँग्रेसमध्ये आता आपल्याला जागा राहिलेली नाही. दोघांपैकी कोण बरोबर, यावर आमच्या बैठकीत दीड तास वाद झाला. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी, कुणबी समाजातले, शेवटी म्हणाले की मुसलमानांच्या घरात यावर भांडणे झाली असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते. मला वाटायचे तुमचे सगळे एकमताने ठरले होते. हे वाक्य ऐकायला मी शंभर याद्या फाडायला तयार आहे.

कोणी म्हणेल, कासिम काल्पनिक आहे. मग मुरबाडच्या नाक्यावर उभे राहा. कल्याणहून येणारा रस्ता तुमच्या समोरून टोकावडे, माळशेज घाट, आळेफाटा करत थेट अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला जातो. त्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसची कार्यकारिणी कैदेत होती. नेहरू, पटेल, शंकरराव देव होते. आसफ अली आणि सय्यद महमूद होते. आणि अध्यक्ष म्हणून मौलाना आझाद होते. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या. त्या अत्यवस्थ असताना सरकारकडे अर्ज करून भेटीला जाण्याचा मार्ग त्यांना सुचवला गेला होता. ज्या सरकारला ते मानत नव्हते त्याच्याकडे त्यांनी काहीही मागितले नाही. आपल्या यादीत या माणसाची ओळख 'पहिले शिक्षणमंत्री' एवढीच उरते. नगरला जाणारी एसटी रोज आपल्या दारावरून जाते आणि त्या किल्ल्याशी आपले काही नाते आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते आमच्या बैठकीतही आले.

पहिला आक्षेप पुरोगामी मित्रांचा. इंग्रजाने लिहिलेली राजवटीची आठवण आपण कशाला उगाळायची? हा आक्षेप हलका नाही. सलमान रश्दी यांनी १९८४ मध्ये, या कादंबऱ्यांवरची दूरदर्शन मालिका इंग्लंडमध्ये गाजत असताना, अशा साहित्यावर कडक टीका केली. भारतीयांच्याच इतिहासात भारतीयांना दुय्यम भूमिका, आणि इंग्रज स्त्रीवरचा अत्याचार हे साम्राज्याच्या गोष्टीचे प्रतीक, हे दोन्ही चूक आहे असे त्यांचे म्हणणे होते. मला ते बरेचसे पटते. मालिकेत इंग्रजांचे क्लब, त्यांचे चहा, त्यांची लग्ने पानेच्या पाने चालतात. तिसरा खंड तर मुख्यतः एका निवृत्त मिशनरी बाईंभोवती फिरतो आणि तिथे आमच्यातले दोघे डुलक्या घेत होते. पण हाच लेखक पोलीस अधिकारी मेरिकला उभा करतो. इंग्लंडमध्ये वाढलेल्या हरी कुमारला तो अत्याचाराच्या संशयावरून पकडतो, कोठडीत छळतो. आरोप सिद्ध होण्यासारखा नाही असे दिसताच हरीला युद्धकाळातल्या संरक्षण नियमांखाली खटल्याशिवाय डांबले जाते. ही पाने वाचताना मालेगावची आठवण कोणी काढावी लागली नाही. २००६ च्या स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. मधली वर्षे कोण परत देणार? गोरा साहेब गेला, त्याची कोठडी मागे राहिली. हे इंग्रजाच्या कादंबरीतून कळत असेल तर मला त्यात कमीपणा वाटत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला. कादंबरी म्हणजे खोट्या गोष्टी, त्यात वेळ घालवण्यापेक्षा इतिहास वाचा. वाचा ना. पण आज इतिहासाच्या नावाने जे मोबाइलवर येते ते कोणत्या कादंबरीपेक्षा खरे आहे? कादंबरी निदान आपण कादंबरी आहोत हे कबूल करते. शिवाय स्कॉट एक गोष्ट करतो जी इतिहासाच्या गाइडमध्ये नसते. तो ऑगस्ट १९४२ चे तेच प्रकरण वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून पुन्हा पुन्हा सांगतो. पहिल्या खंडात जो माणूस बाजूला उभा होता, त्याची बाजू दुसऱ्यात कळते. आपण पहिल्या खंडानंतर घाईने दिलेला निकाल चौथ्यापर्यंत टिकत नाही. दोन हजार पाने वाचणाऱ्याला निदान एवढी सवय लागते की ऐकलेली पहिली हकीकत ही शेवटची नसते. आपल्या तालुक्यांना, आपल्या मोहल्ल्यांना आणि आपल्या शेजाऱ्यांना सध्या याच सवयीची गरज आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी जड आहे. आहे खरेच. आमची पद्धत सोपी आहे. ज्याला जमते त्याने प्रकरण आधी वाचून यायचे आणि बैठकीत मराठीत सांगायचे, गावात कोणी किस्सा सांगावा तसे. मग निवडलेली दोन-तीन पाने मोठ्याने वाचायची आणि वाक्य-वाक्य मराठी करायचे. कोणाला शब्द अडला की सगळे मिळून शोधतात. बारावी झालेली मुलगीही यात भाग घेते आणि प्राध्यापकाला अडवते. ज्यांना हिंदी जवळची वाटते त्यांनी यशपाल यांचे 'झूठा सच' किंवा भीष्म साहनी यांचे 'तमस' घ्यावे. राही मासूम रझा यांचे 'आधा गाँव' तर प्रत्येक मुस्लिम घराने वाचावे. माझा हट्ट पुस्तकाचा नाही. लांब वाचण्याचा आणि सोबत वाचण्याचा आहे.

सोबत का, ते चौथ्या खंडाच्या शेवटाकडे कळते. ऑगस्ट १९४७. कासिमचा धाकटा मुलगा अहमद इंग्रज ओळखीच्या लोकांबरोबर रेल्वेच्या डब्यातून निघाला आहे. जमाव गाडी अडवतो. त्यांना डब्यातला मुसलमान हवा आहे. अहमद स्वतः दार उघडून बाहेर जातो आणि मारला जातो. डब्यातले बाकीचे वाचतात. गाडी पुढे निघते.

हे पान आमच्या बैठकीत वाचले गेले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्यातले बहुतेक जण आसनगाव, आटगाव, खर्डीहून लोकलने कामाला जाणारे आहेत. ३१ जुलै २०२३ ला जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, इगतपुरीच्या आसपास, एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला मांस नेत असल्याच्या संशयावरून मारहाण झाली. ते कल्याणला मुलीकडे निघाले होते. ती गाडी आपल्याच कसाऱ्यावरून, आपल्याच आसनगाववरून जाते. मारहाणीचे चित्रण झाले, ते सगळ्यांनी पाहिले. डबा भरलेला होता.

अहमदचे दुःख समजायला मला कादंबरीची गरज नव्हती. मला जाणून घ्यायचे होते ते डब्यात बसून राहिलेल्यांबद्दल. आणि ते मला फक्त मुस्लिमांच्या बैठकीत कळले नसते. आमच्यातला एक तरुण, मुरबाडकडचा, एमआयडीसीत कामाला जाणारा, म्हणाला की मी त्या डब्यात असतो तर मीही उठलो नसतो, भीतीने. असे कबूल करायला धैर्य लागते. तो हे म्हणू शकला, कारण आम्ही त्याच्याकडून निषेधाचे पत्रक मागत नव्हतो. एका पानावर सगळे सोबत थांबलो होतो, इतकेच. यादी पाठवून असे कोणी बोलते होत नाही. उलट ती मिळाली की समोरचा आपली यादी काढतो.

आता या मालिकेची खरी उणीव सांगतो, कारण तिथेच आपले काम सुरू होते. स्कॉटच्या १९४२ मध्ये आपले १९४२ नाही. सिद्धगड नाही. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी त्या वर्षी आझाद दस्ता उभा केला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी तिथे लोक जमतात, मशाली पेटतात. आपल्यापैकी किती मुस्लिम तिथे जातात? तो आपला हुतात्मा नाही असे आपल्याला कोणी सांगितले? यादीनेच ना?

आणि स्कॉटच्या १९४७ मध्ये आपला कल्याण कॅम्प नाही. युद्धकाळात लष्करासाठी उभारलेल्या त्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवले गेले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. फाळणी पंजाबात झाली, आपल्याकडे आलीच नाही, असे आपण म्हणतो आणि लग्नाच्या कपड्यांसाठी उल्हासनगरलाच जातो. तिथल्या दुकानदाराच्या आजोबांनी कोणते घर सोडले, हे आपण विचारत नाही. आपल्या आजोबांनी घर का सोडले नाही, हे तो विचारत नाही. कल्याण-नगर या एका रस्त्यावर निर्वासितांची छावणी, सिद्धगडाकडे जाणारी वाट आणि आझादांचा किल्ला, तिन्ही आहेत. त्यावर चार खंड सहज होतील.

मराठीत शिवकाळावर आणि पेशवाईवर खंडच्या खंड आहेत. हमीद दलवाईंनी १९६५ मध्ये 'इंधन' लिहून कोकणातले गाव आतून दाखवले, पण ते स्वातंत्र्यानंतरचे. मुस्लिम मराठी साहित्याची संमेलने १९९० पासून, सोलापूरपासून, भरत आली आहेत. तरीही १९४२ ते १९४७ मध्ये मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरात रात्री जेवताना काय बोलले जात होते, यावर आपण फार थोडे लिहिले. गेले नाहीत ते का गेले नाहीत? भातशेती होती म्हणून, दुकान होते म्हणून, कबरस्तान इथे होते म्हणून, की जायचा विचारच कोणाच्या मनात आला नाही म्हणून? १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीला टेकले आहेत. त्यांच्या खाटेशेजारी बसून विचारायला फार दिवस उरलेले नाहीत.

तेव्हा या ऑगस्टला यादी आली तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला उलट विचारा, यातल्या कोणत्याही एका माणसाबद्दल मला दहा मिनिटे सांगशील का? नाही म्हणाला तर त्याला बैठकीला बोलवा. ओटा चालेल, शाळेची खोली चालेल, दुकानाचा माळा चालेल. सहा माणसे पुरतात, त्यात दोन तरी दुसऱ्या समाजातली असावीत आणि एखादी बाई असलीच पाहिजे, कारण घरात काय बोलले गेले ते तिलाच ठाऊक असते. पहिला खंड पहिल्या दोन महिन्यांत होतो. आणि प्रत्येक बैठकीत एकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलेली एक तरी गोष्ट वहीत लिहून आणायची, हा नियम ठेवा.

मग लोकलमध्ये कोणी हसत विचारले, "तुम्ही इथे का राहिलात?" तर सांगा, उत्तर लांब आहे, रविवारी या.